वर्तुळातला आकडा

सातबारा हातात आला की आपण सगळे पहिल्यांदा काय शोधतो? नाव. आजोबांचं आहे का, चुलत्यांचं आहे का, आपलं लागलं का. नाव सापडलं की कागदाची घडी घालायची आणि पिशवीत टाकायचा. पण जुना, हाताने लिहिलेला सातबारा ज्यांनी बघितला असेल त्यांना आठवेल, की नावाच्या शेजारी तलाठ्याने एक लहानसं वर्तुळ काढलेलं असायचं आणि त्या वर्तुळात एक आकडा. २१४, ५०७, १०३३, असं काहीतरी. त्या आकड्याकडे फारसं कुणी बघत नाही. आजचं व्याख्यान त्या आकड्यावर आहे.

हा विषय का, ते आधी सांगतो. या मालिकेचे पुष्कळ श्रोते पुण्या-मुंबईत संगणकाच्या कामात आहेत, आणि त्यातले बरेच मूळचे आमच्या रत्नागिरीकडचे. बँकांत, विमा कंपन्यांत रात्रीच्या वेळी एका यंत्रणेतला डेटा दुसऱ्या यंत्रणेत नेणारी सॉफ्टवेअरं चालतात. या नेण्या-आणण्याच्या एकेका कामाला तिथे 'जॉब' म्हणतात. पडद्यावर जॉबचं नाव दिसतं. पण जॉब अडकला, लॉग उघडेना, की मग प्रश्न येतो: सॉफ्टवेअर आतून या जॉबला ज्या नंबराने ओळखतं तो नंबर कुठला, आणि तो काढायचा कुठून? हा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्या घरात बहुधा तसलाच एक दुसरा प्रश्नही पडून असतो, गावच्या जमिनीचा. आम्हाला हे दोन्ही प्रश्न एका जातीचे वाटतात. म्हणून ते एकत्र मांडतोय.

तर वर्तुळातला आकडा म्हणजे फेरफार क्रमांक. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद, दोन्ही एका कागदावर आले आणि सातबारा झाला, हे सर्वांना माहीत आहे. नमुना सहा मात्र लोकांच्या हातात येत नाही. ती फेरफार नोंदवही. खरेदी झाली, वारस लागले, बँकेचा बोजा चढला, कोर्टाचा हुकूम आला, की आधी या वहीत नोंद पडते. तिला पुढचा अनुक्रमांक मिळतो. नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. जुन्या नावाला कंस होतो. 'आमच्या नावाला कंस केला' हे वाक्य कोकणात किती घरांत किती रागाने बोललं जातं, ते वेगळं सांगायला नको. नव्या नावाशेजारी वर्तुळ येतं. म्हणजे सातबारा सांगतो आज कोण आहे. तो का आहे, हे वर्तुळ सांगतं.

इथे दोन नंबर वेगळे ठेवायला हवेत, नाहीतर सगळाच घोळ होतो. एक नंबर वस्तूचा असतो, एक घडामोडीचा. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर हा जमिनीच्या तुकड्याचा, म्हणजे वस्तूचा. फेरफार क्रमांक हा त्या तुकड्याच्या बाबतीत एकदा घडलेल्या गोष्टीचा. दोन्हींचा इतिहास वेगळा आहे, आणि आपल्या जिल्ह्यात दोन्ही भांडून मिळालेले आहेत.

आधी वस्तूच्या नंबराचं बघू. मुंबई इलाख्यात शेताला नंबर देण्याची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५ पासून इंदापूरकडे बसवली. १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. हा हिशेब तुमच्या आजोबांना तोंडपाठ असेल. कल्पना अशी होती, की सरकारचं नातं माणसाशी नाही तर शेताशी. माणूस मरेल, विकेल, परागंदा होईल. शेत तिथेच राहील. म्हणून सारा शेताच्या नंबरावर बसवायचा.

देशावर हे एकवार जमलं. रत्नागिरीत आलं आणि खोतीवर आपटलं. इथे सरकार आणि कसणारा यांच्या मधे खोत होता. गावाचा सारा खोत भरणार, आणि कुळाकडून काय घ्यायचं ते खोत ठरवणार. शेतात पीक उभं असताना खोताची माणसं येऊन अंदाज करायची, त्याला अभावणी म्हणत. त्यावर अर्धेल, तिर्धेल जे काय असेल ते धान्यात घ्यायचं. कुठलं खाचर कुणाकडे, किती पिढ्या, कुठल्या बोलीवर, हे सगळं लिहिलेलं असायचं, नाही असं नाही. पण ते खोताच्या दप्तरात, खोताच्या माजघरात. कुळाला ते बघायला मिळणार नाही आणि मिळालं तरी वाचता येणार नाही. संगणकवाल्यांच्या भाषेत बोलायचं तर आतला नंबर होता, पण बघण्याची परवानगी एकट्या ॲडमिनला.

१८६० च्या दशकात मोजणीवाले साखळ्या घेऊन या जिल्ह्यात फिरू लागले तेव्हा खोतांनी विरोध का केला, हे यावरून कळतं. सारा वाढेल ही भीती होतीच. पण कुळाचं नाव एका सर्व्हे नंबरासमोर सरकारी कागदावर चढलं की मग ते खोताच्या दप्तरातून बाहेर पडलं, ही भीती त्याहून मोठी असावी असं आम्हाला वाटतं. खोतांची बाजू मांडणाऱ्यांत दापोलीजवळच्या मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक होते. मोठे विद्वान, कायद्याचे पंडित. त्यांचा युक्तिवाद असा, की खोत हा नुसता वसुली कंत्राटदार नाही, तो गावाचा मालक आहे. हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि त्यातून १८८० चा खोती सेटलमेंटचा कायदा आला. तो तडजोडीचा होता. खोत राहिला, पण कोणत्या कुळाने कुठल्या जमिनीबद्दल खोताला काय द्यायचं याची सरकारी नोंद करायची ठरली. ते दप्तर म्हणजे बोटखत. रत्नागिरीच्या जुन्या दिवाणी दाव्यांत हा शब्द वारंवार येतो, कारण बोटखतात काय लिहिलंय यावर कुळाचा दावा उभा राहायचा नाहीतर आडवा व्हायचा.

सर्व्हे नंबराने तुकडा ओळखता आला. पण तुकड्यावरचा हक्क बदलत गेला त्याचा माग मात्र राहिना. सेटलमेंट तीस वर्षांची. मधल्या काळात तिघे मेले, दोघांनी विकलं, एक मुंबईला गिरणीत गेला, आणि कागदावर नाव मूळ माणसाचंच. त्यावर उपाय म्हणून १९०३ चा अधिकार अभिलेखाचा कायदा आला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच घातला गेला. फेरफार नोंदवही ही त्या व्यवस्थेची देणगी. पुढे अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याच्या मॅन्युअलने गावच्या हिशेबाचे एक ते एकवीस नमुने बसवून दिले, ते थोड्या फरकाने आजही तलाठी भरतो. वारसांची वही सहा-क, वादाच्या प्रकरणांची सहा-अ, पोटहिस्स्यांची सहा-ड. नीट बघितलं तर ही एकमेकांकडे बोट दाखवणारी कोष्टकं आहेत. विजेचा दिवा गावात नव्हता तेव्हाची.

आता डेटाच्या कामाकडे येऊ, पण तिथलाही इतिहास थोडा सांगायला हवा. डेटास्टेज हे नाव तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्याची पाळंमुळं बरीच जुनी आहेत. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत टीआरडब्ल्यू कंपनीत डिक पिक आणि डॉन नेल्सन यांनी लष्कराच्या शायेन हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला एक प्रणाली लिहिली. तिच्यातून पिक नावाची डेटाबेस-पद्धत निघाली. त्या घराण्यातला एक डेटाबेस म्हणजे व्हीमार्क कंपनीचा युनिव्हर्स. नव्वदच्या दशकात व्हीमार्कने डेटा इंटिग्रेशनचं साधन बनवलं तेव्हा त्याचं स्वतःचं दप्तर कुठे ठेवायचं? अर्थात युनिव्हर्समध्ये. मग व्हीमार्कचं आर्डेंट झालं, आर्डेंट इन्फॉर्मिक्सने घेतलं, त्यातून असेन्शियल निघाली आणि २००५ मध्ये आयबीएमने असेन्शियल विकत घेतली. मालक इतके बदलले, कंस इतके झाले, पण आतलं दप्तर बराच काळ तेच राहिलं.

त्या दप्तरात डीएस_जॉब्स नावाची एक फाइल आहे. प्रोजेक्टमधल्या प्रत्येक जॉबची तिच्यात एक नोंद, आणि नोंदीत जॉबनो नावाचा रकाना. जॉब पहिल्यांदा तयार होतो तेव्हा त्याला पुढचा नंबर मिळतो. पुढे तुम्ही नाव बदललंत तरी नंबर तोच. जॉब ४१२ नंबरचा असेल तर त्याचा लॉग आरटी_लॉग४१२ मध्ये, त्याची स्थिती आरटी_स्टेटस४१२ मध्ये, त्याची मांडणी आरटी_कॉन्फिग४१२ मध्ये. नावाने यातलं काहीच सापडत नाही. एरवी त्याची गरजही पडत नाही. पण लॉग कधी साफच केला नाही, फाइल दोन जीबीच्या पलीकडे फुगली आणि बिघडली, की पडद्यावरच्या नावाला टिचक्या मारून काही उपयोग नसतो. तेव्हा ॲडमिनिस्ट्रेटर उघडायचा, प्रोजेक्ट निवडायचा, कमांडच्या खिडकीत डीएस_जॉब्स फाइलला विचारायचं, की या नावाच्या जॉबचं नेम आणि जॉबनो दे. एका ओळीची क्वेरी आहे. नंबर आला की मग ती एकच लॉग फाइल रिकामी करता येते. जॉब चालू नाही ना, हे बघून, आणि आधी प्रत काढून ठेवून. घाईत एक आकडा चुकला तर शेजारच्या जॉबचं दप्तर पुसलं जातं. तलाठ्याच्या हातून हिस्सा नंबर चुकला की शेजाऱ्याच्या कलमांवर आपलं नाव चढतं, तसंच.

इथे एक गंमत आहे. जॉबनो फक्त त्या प्रोजेक्टपुरता खरा. डेव्हलपमेंटमधला ४१२ प्रॉडक्शनमध्ये ४१२ असेलच असं नाही. बहुतेक वेळा नसतोच. नवी मुलं तिकडून नंबर उचलतात आणि इकडे वापरतात. आता गावाकडे बघा. फेरफार क्रमांकसुद्धा गावापुरताच असतो. प्रत्येक गावाची वही एकपासून सुरू. '५०७ नंबरचा फेरफार' म्हटलं तर प्रश्न येणार, कुठल्या गावचा? आणि गावाचं नाव सांगूनही भागत नाही. मुरुड दापोलीला आहे, रायगडात आहे, लातूरला आहे. तालुका सांगा, जिल्हा सांगा. आणि १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला तेव्हा कित्येक गावांचा जिल्हाच बदलला. शेत हललं नाही, वही हलली नाही, पत्ता मात्र बदलला. नंबरात जिल्हा, तालुका असा अर्थ कोंबला की सरकारी राजपत्राच्या एका पानाने तो नंबर खोटा पडतो. एडगर कॉड यांनी १९७९ च्या निबंधात याच कारणासाठी अर्थ नसलेली, यंत्रणेने दिलेली ओळख सुचवली होती. माणसाला दिसणाऱ्या नावावर काही अवलंबून ठेवू नका, असं त्यांचं म्हणणं.

आणखी एक. इन्फॉर्मॅटिकासारख्या साधनांत वर्कफ्लोचा एक आयडी असतो आणि त्याच्या प्रत्येक धावेचा वेगळा रन आयडी. कालच्या रात्री चुकीची रक्कम कुठून आली हे शोधायचं तर पहिल्याचा उपयोग नाही, दुसरा लागतो. म्हणून जाणती मंडळी टेबलातल्या प्रत्येक ओळीला तो रन आयडी चिकटवून ठेवतात. नावाशेजारचं वर्तुळ ते हेच.

ते वर्तुळ पुसलं तर काय होतं, हे या जिल्ह्यात नुसत्या सॉफ्टवेअरपुरतं राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. खोती नष्ट करण्याचं विधेयक त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात मांडलं आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. ते विधेयक तेव्हा पास झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. त्याच्या आसपास १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. पण मानलं जाणं वेगळं आणि सातबाऱ्यावर उतरणं वेगळं. बत्तीस-ग ची चौकशी, किंमत भरणं, बत्तीस-म चं प्रमाणपत्र, मग फेरफार, मग वर्तुळ. या साखळीतली एक कडी निसटली तर कुळाचं नाव 'इतर हक्क' या रकान्यात लटकत राहायचं, किंवा तेही नाही. साठ-सत्तर वर्षांनी महामार्गाच्या रुंदीकरणात जमीन जाते, मोबदल्याची नोटीस येते, ती सातबाऱ्यावरच्या नावाला. शेतात कोण राबलं हे नोटीस विचारत नाही. त्या दिवशी घरातलं कुणीतरी पत्र्याची पेटी उघडतं आणि वर्तुळातला आकडा शोधू लागतं.

तो नेमका हरवतो कधी? सातबारा काही वर्षांनी नव्याने लिहिला जायचा. पुनर्लेखन. तेव्हा चालू नावं पुढे न्यायची, कंसातली मागे टाकायची. नेताना एखादं चालू नावही मागे राहायचं. मुंबईला असलेल्या भावाचं विशेष करून. नाव गेलं, आणि ते काढणारा फेरफार कुठेच नाही. ही चूक ओळखण्याची खूण तीच आहे: नाव बदललंय पण बदलणारा नंबर नाही. अशी लेखनातली चूक दुरुस्त करायला १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे. सामाईक जमिनीत, जिथे एका आंब्याच्या बागेला वीस-पंचवीस नावं आहेत, तिथे हे किती वेळा घडलं असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

मग संगणकीकरण आलं, आणि हे तर सरळसरळ डेटा इंटिग्रेशनच. हजारो गावांच्या वह्या एका साच्यात घालायच्या. टंकलेखन झालं, ई-फेरफार आलं, २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं, म्हणजे संगणकातला सातबारा लोकांसमोर वाचून मूळ वहीशी ताडायचा. आमच्या मते त्या सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत शहाणपणाचं काम तेच, कारण ताळा करायला माणसं बसवली. चाकरमानी मात्र त्या दिवशी मुंबईत होते, हेही खरं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २०२० मध्ये ठरलेल्या नव्या नमुन्यात खातेदाराच्या नावाशेजारी खाते क्रमांक, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख, प्रलंबित फेरफार, आणि जुन्या फेरफारांसाठी स्वतंत्र रकाना आला. २०२२ पासून वर अकरा अंकी भू-ओळख क्रमांक दिसतो.

या अकरा अंकांचं कौतुक करणारे बरेच भेटतात. वस्तूला पक्की ओळख मिळाली हे चांगलंच झालं. गोल्डस्मिड-विंगेट जिथे थांबले तिथून पुढे गेलो आपण. पण तो नंबर तुकड्याचा आहे, घडामोडीचा नाही. त्याने 'कुठली जमीन' याचं उत्तर मिळतं. 'आमचं नाव का गेलं' याचं नाही. त्यासाठी अजून खालचा तो जुन्या फेरफारांचा रकानाच वाचावा लागतो. बारीक टायपात, स्वल्पविराम देऊन लिहिलेले आकडे. त्यातला कुठला आकडा कुठल्या नावाचा, हे जुन्या वर्तुळाने शेजारी बसून दाखवलं होतं. वेगळ्या रकान्यात गेल्यावर ते शेजारपण सुटलं. छपाई सुटसुटीत झाली, माग काढणं एक पायरी लांबलं. डेटावाल्यांना हे ओळखीचं वाटेल: रन आयडी ओळीवरून काढून वेगळ्या टेबलात टाकला, आणि जोडणारी कळ ठेवायची राहिली.

म्हणून ज्यांच्या घरी हस्तलिखित सातबारा आहे त्यांनी तो फेकू नये. नवा आलाय म्हणून जुना रद्दी होत नाही. नमुना सहाची जुनी नक्कल हवी असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा, आणि अर्जात गाव, तालुका आणि फेरफार क्रमांक लिहायचा. क्रमांक असेल तर वहीचं पान काढायला फार वेळ लागत नाही. नसेल तर साधारण काळ सांगावा लागतो, आणि मग कारकून नाहीतर तुम्ही स्वतः एकेक पान उलटत बसता. मोडीत लिहिलेलं निघालं तर वाचणारा शोधायचा. पानं पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या, नोंदीखाली अव्वल कारकुनाची फिकट सही, आणि डाव्या रकान्यात अनुक्रमांक. तो मात्र बहुधा स्वच्छ वाचता येतो.